नसबंदीविरोधी असंतोष आणि १९७६ चे जिल्हा प्रशासन

कुटुंबनियोजनाची सक्ती म्हटले की आणीबाणी आठवते, आणि आणीबाणी म्हटले की दिल्लीचे तुर्कमान गेट. पण ही सक्ती गावोगावी राबवली ती जिल्हाधिकारी, पोलीस अधिकारी, तहसीलदार आणि शाळामास्तर यांनी. लोक चिडून उठले तेव्हा त्यांच्यासमोर उभे राहिले तेही हेच. त्यांनी तेव्हा काय केले, एवढ्याच मुद्द्याची नोंद आम्ही येथे करत आहोत.

१६ एप्रिल १९७६ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. करण सिंग यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले. शस्त्रक्रियेसाठीचे अनुदान वाढले आणि राज्यांना सक्तीचा कायदा करण्याची वाट मोकळी झाली. उत्तर प्रदेशला केंद्राने चार लाखांचे उद्दिष्ट दिले होते, ते राज्याने स्वतःहून १५ लाखांवर नेले. हा आकडा लखनौहून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात आणि शेवटी शिक्षकाच्या डोक्यावर आला. उद्दिष्ट पूर्ण नाही तर पगार नाही. मग शिक्षकाने माणसे आणायची कुठून? ज्याला 'नाही' म्हणता येत नाही अशाच घरातून. भूमिहीन, रोजंदारीवर जगणारा, दलित, गरीब मुसलमान. ज्याचे रेशन, कर्ज किंवा परवाना सरकारी सहीवर अडलेला असतो, तो पहिला सापडतो.

लोक विरोधात उतरले. सुलतानपूर जिल्ह्यातील नारकडीह येथे २७ ऑगस्टला आणि मुजफ्फरनगर शहरात १८ ऑक्टोबरला पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, माणसे मेली. मुजफ्फरनगरात संचारबंदी लागली. पाठोपाठ अटकसत्र आले. वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप असल्याने शेजारच्या जिल्ह्यालाही खरे काय ते छापील स्वरूपात कळण्याची सोय नव्हती. प्रशासनाच्या लेखी हा निव्वळ कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न होता. सक्ती थांबवणे हाही त्यावरचा एक उपाय आहे, हे जिल्ह्याच्या हाती नव्हतेच, कारण उद्दिष्ट वरून आलेले.

हरियाणाच्या मेवात भागातील उटावड गावाचे प्रकरण अधिक नीट पाहावे असे आहे. मेव मुसलमानांच्या या गावाने नसबंदीला नकार दिला होता. तिथे दंगल चालू नव्हती, नुसता नकार होता. त्याचे उत्तर म्हणून आधी गावाची वीज तोडली. मग ६ नोव्हेंबर १९७६ च्या पहाटे पोलिसांनी गाव वेढले आणि १५ वर्षांवरील पुरुषांना ध्वनिक्षेपकावरून रस्त्यावर येण्याचे फर्मान सोडले. कारण सांगितले शस्त्रशोधाचे. बंदुका सापडल्या नाहीत. गावातून उचललेल्यांपैकी सुमारे १८० जणांची मात्र नसबंदी झाली. पुढे शहा आयोगाने हे सारे अहवालात नोंदवले. वीज तोडण्याच्या हुकमावर आमचे लक्ष सारखे जाते. तो पोलिसी हुकूम नव्हता, रोजच्या कारभारातलाच एक कागद होता.

१९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शस्त्रक्रियेशी संबंधित १,७७४ मृत्यूंची आणि अविवाहितांच्या नसबंदीच्या ५४८ तक्रारींची नोंद आयोगाकडे झाली. मार्च १९७७ च्या निवडणुकीत काँग्रेसने उत्तर प्रदेशातील सर्व ८५ आणि हरियाणातील सर्व १० जागा गमावल्या.

महाराष्ट्र याबाबतीत निर्दोष नाही. तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळाने मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. त्याच मुंबईच्या विधिमंडळात १० नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला होता. मागणी होती प्रचाराची आणि सोयींची, आणि मुद्दा होता वारंवारच्या बाळंतपणात खंगणाऱ्या बाईच्या प्रकृतीचा. ठराव नामंजूर झाला. कुटुंबनियोजनाला आंबेडकरी चळवळीचा विरोध होता असे कोणी सांगितले तर ही तारीख सांगावी. बाबासाहेबांना साधन माणसाच्या, त्यातही बाईच्या हाती द्यायचे होते. १९७६ मध्ये माणूसच साधन झाला.

१९७७ नंतर सरकारने खात्याच्या नावातले 'नियोजन' काढून 'कल्याण' घातले. पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया साडेनऊ लाखांच्या आसपास खाली आल्या. पुरुषांना हात लावला की सरकार पडते, एवढे मात्र सर्वांच्या ध्यानात राहिले आणि शिबिरे बायकांकडे वळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रीनसबंदीवर अवलंबून होत्या. पुरुषनसबंदीचा आकडा ०.३ टक्के होता.