शस्त्रक्रियेपूर्वीची सही

शस्त्रवैद्याचें शस्त्र रुग्णाच्या अंगास लागतें तें सर्वांत शेवटीं. त्यापूर्वीं पुष्कळ कांहीं घडावें लागतें. सुश्रुतसंहितेंतील ‘अग्रोपहरणीय’ अध्यायाचा विषयच हा आहे. यंत्रें, शस्त्रें, कापूस, मध, तूप, थंड व ऊन पाणी आधीं जवळ मांडावें. परिचारक मायाळू, धीराचे व बळकट असावेत. रुग्णास हलकें अन्न देऊन पूर्वाभिमुख बसवावें, असें तेथें सांगितलें आहे. मूळव्याध, मुतखडा अशा कांहीं विकारांत मात्र शस्त्रकर्म उपाशीपोटीं करावयाचें. मूढगर्भासारखा जिवावरचा प्रसंग असेल, तर अधिपतीची अनुज्ञा घेण्यासही सुश्रुत विसरत नाहीं.

१८४६ सालीं बोस्टन येथें ईथरचा व पुढच्याच वर्षीं एडिंबरो येथें क्लोरोफॉर्मचा प्रयोग यशस्वी झाला, आणि वेदनेचें भय ओसरलें. परंतु रुग्ण बेशुद्ध होऊन सर्वस्वीं दुसऱ्याच्या हातीं जाणार म्हटल्यावर विश्वासाचा प्रश्न अधिकच बिकट झाला. तो किती बिकट होऊं शकतो, हें पुण्यानें १९२४ सालीं पाहिलें.

मार्च १९२२ मध्यें सहा वर्षांची शिक्षा झालेले महात्मा गांधी तेव्हां येरवड्याच्या तुरुंगांत होते. त्यांच्या पोटांत तीव्र कळा येऊं लागल्या. आंत्रपुच्छाचा दाह असल्याचें निदान झालें, आणि १२ जानेवारी रोजीं त्यांना ससून रुग्णालयांत हलविण्यांत आलें. शस्त्रक्रिया त्याच रात्रीं करणें अवश्य होतें. मुंबईहून डॉ. दलाल व डॉ. जीवराज मेहता ह्यांना बोलावण्याचा यत्न झाला. पण ते वेळेवर पोंचणें शक्य नव्हतें.

रुग्ण सरकारचा कैदी, आणि शस्त्रक्रिया करणारे कर्नल मॅडॉक सरकारचे नोकर. कांहीं विपरीत घडलें असतें, तर देशांत उसळणारा संशय कोणी शमविला असता? म्हणून डॉ. फाटक व श्रीनिवास शास्त्री ह्या दोघां परिचितांना पाचारण करण्यांत आलें. शास्त्रींनीं निवेदनाचा मसुदा लिहिला. डॉक्टरांनीं आपली काळजीपूर्वक शुश्रूषा केली असून शस्त्रक्रियेस आपली संमति आहे, असा त्याचा आशय होता. गांधीजींनीं तो लक्षपूर्वक ऐकला, मॅडॉक ह्यांनाही ऐकविला, आणि गुडघे वर घेऊन त्यांवर कागद ठेवून पेन्सिलीनें सही केली. हात कांपत होता. त्या कंपाकडे त्यांनीं स्वतःच मॅडॉक ह्यांचें लक्ष वेधलें. सरकाराशीं असलेलें आपलें भांडण कायम आहे, हें त्यांनीं शास्त्रींपाशीं स्पष्ट केलें. परंतु शस्त्र धरणाऱ्या हाताविषयीं त्यांनीं किंतु ठेवला नाहीं.

शस्त्रक्रिया चालू असतां वीज गेली. हातबत्तीही विझली, आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. रुग्ण बचावला. ५ फेब्रुवारी रोजीं सरकारनें त्यांची बिनशर्त सुटका केली.

सुश्रुताच्या काळीं अनुज्ञा अधिपतीची होती. ससूनमध्यें, देह सरकारच्या ताब्यांत असूनही, ती रुग्णाची स्वतःची होती. हा फरक लहान नाहीं. २००८ सालीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें, पुरेशी माहिती दिल्याखेरीज घेतलेली संमति खरी नव्हे, असें तत्त्व मान्य केलें. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें शस्त्रक्रियेची पडताळणी-सूची प्रसिद्ध केली. भूल देण्यापूर्वीं रुग्णाचें नांव, शस्त्रक्रियेची जागा व त्याची संमति पुन्हां ताडून पाहावी, असें तींत आहे.

किन्हीराजासारख्या गांवाहून वाशिमला शस्त्रक्रियेसाठीं जाणाऱ्या रुग्णापुढेंही असाच कागद येतो. आदल्या रात्रीपासून उपाशी कां राहावयाचें, भूल कशी उतरेल, शुद्धीवर आल्यावर काय जाणवेल, हें कोणी त्याच्या बोलींत सांगितलें असेल, तर सही करतांना त्याचा हात कांपला तरी चिंता नाहीं. गांधीजींचाही कांपला होता. पण आपण कशावर सही करीत आहों, हें त्यांना पुरतें ठाऊक होतें.