चौथी सीट
परवा घाटकोपरच्या घरातून ऑफिसच्या सर्व्हरवर मी न संपणारा लूप सोडला आणि सगळ्यांचं काम अडलं. 'हू' कमांड दिली, तर माझ्याखेरीज अकरा जण आत!

ही दाटी जुनीच. 15 ऑगस्ट 1995 रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. स्वस्तातलं 'शेल अकाउंट' घेतलेला मोडेमवरून फोन लावून त्यांच्या युनिक्स संगणकात शिरायचा. पडद्यावर नुसती अक्षरं. तिथे एकाच वेळी अनेक जण असत. युनिक्स प्रत्येकाला आळीपाळीने प्रोसेसरचा क्षणभर वेळ देई. 1961 साली एमआयटीत दाखवलेली हीच युक्ती. प्रत्येकाला वाटे, संगणक आपलाच.

मलाही तसंच वाटलं होतं. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी मी न सांगता सरकतो. सर्व्हरवर मात्र शेजारी दिसत नाहीत.