मार्शल खटला
वसाहतकालीन तहांतून मिळालेल्या मासेमारीच्या हक्कांविषयीचा कॅनडातील महत्त्वाचा खटला. मिकमॅक या आदिवासी समाजातील डोनाल्ड मार्शल (धाकटे) यांनी १९९३ मध्ये नोव्हा स्कोशिया प्रांतात बंदीच्या काळात, परवान्याविना वाम मासे पकडून विकले. मिकमॅकांनी आपला माल ब्रिटिशांच्या ठरावीक व्यापारी ठाण्यांवरच विकावा, अशी अट १७६०–६१ च्या तहांत होती. विक्रीच्या या अटीतच मासे पकडण्याचा हक्क अंतर्भूत आहे, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर १९९९ रोजी मार्शल यांना निर्दोष ठरविले. मात्र हा हक्क माफक उपजीविकेपुरता मर्यादित ठेवला. मत्स्यसंवर्धनासारख्या सबळ कारणासाठी शासन त्याचे नियमन करू शकते, असा खुलासा नोव्हेंबरमध्ये केला. ‘माफक’ची मर्यादा अनिश्चित राहिल्याने २०२० मध्ये नोव्हा स्कोशियात शेवंडांच्या मासेमारीवरून संघर्ष उद्‌भवला.