वर्षाचा अपूर्णांक: लीलावती ते एक्सेल

सनदी लेखापालांच्या व्यवसायात एक्सेलचे ‘इयरफ्रॅक’ हे सूत्र नेहमी कामाला येते. दोन तारखा दिल्या की त्यांच्यामधला काळ म्हणजे वर्षाचा केवढा हिस्सा, ते हे सूत्र सांगते. 2007 पर्यंत ते एक्सेलच्या जोडसंचात होते, मग मूळ सूत्रांत आले. त्यामागचे गणित मात्र फार जुने आहे.

1150 च्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी पंचराशिकाचे, म्हणजे पाच दिलेल्या राशींवरून सहावी काढण्याचे, उदाहरण घातले आहे. शंभरावर 1⅓ महिन्याचे व्याज 5⅕, तर 62½ वर 3⅕ महिन्यांचे किती? उत्तर 7⅘. मुदत महिन्यांत, तीही अपूर्णांकात. तीस दिवसांचा महिना आणि 360 दिवसांचे सावन वर्ष धरले की असा हिशेब हाताने सहज होतो. सावकारी व्याजही दरमहा दरशेकडाच सांगितले जाई. शाळेच्या पुस्तकात मात्र ‘द.सा.द.शे.’ आले आणि मुदतीचे माप वर्ष झाले.

पण वर्ष किती दिवसांचे? आजही केंद्र सरकारच्या मुदती रोख्यांचे व्याज 30 दिवसांचा महिना आणि 360 दिवसांचे वर्ष धरून मोजतात. ट्रेझरी बिलांना मात्र प्रत्यक्ष दिवस आणि 365 लागतात. रोजचा हिशेब ठेवणेही पूर्वी सोपे नव्हते: बचत खात्यावर तेव्हा दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर व्याज मिळे. 1 एप्रिल 2010 पासून ते रोजच्या शिलकेवर मिळू लागले. बँकांचे हिशेब संगणकावर आल्याने हे शक्य झाले.

वर्षाचे दिवस मोजण्याच्या रीती ‘इयरफ्रॅक’मध्ये 0 ते 4 अशा पाच आकड्यांत सामावल्या आहेत. एक लाख रुपये, द.सा.द.शे. 12, मुदत 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर 2025. आकडा 0 दिला तर 179 भागिले 360, व्याज 5,966.67 रुपये. 3 दिला तर 182 भागिले 365, व्याज 5,983.56. 2 दिला तर 182 भागिले 360, व्याज 6,066.67. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण प्रत्येकामागचा करार वेगळा आहे. आकडा दिलाच नाही, तर एक्सेल गुपचूप 0 धरते, म्हणजे अमेरिकी रोखेबाजाराची रीत.

म्हणून सूत्र लिहिण्याआधी करारनामा उघडा, त्यात दिवस कसे मोजायचे ठरले आहे ते वाचा आणि तो आकडा स्वतः भरा. करारात ते लिहिलेच नसेल, तर सही करण्याआधी लिहून घ्या.