फॅमिली रूम

गेल्या महिन्यात अक्काला ऐंशी वर्षं पूर्ण झाली. घरी जेवण करायचं म्हटलं तर तीच पदर खोचून उठणार, म्हणून भाच्यानं ठरवलं की या वेळी सगळ्यांनी बाहेर जेवायला जायचं. आम्ही सातजण होतो. अक्काची तयारी सकाळपासून चालू होती. ठेवणीतलं इरकल काढलं, गजरा मागवला. "आजी, साधं हॉटेल आहे गं," असं नातीनं दोनदा सांगून पाहिलं. तरी ती इरकलच नेसली.

हॉटेलचं नाव सांगत नाही. पाटीवर मात्र तीन शब्द होते, ते सांगते: गार्डन, फॅमिली रेस्टॉरंट, परमिट रूम. दारातून शिरलो तर पुढचा हॉल प्रशस्त, वारा खेळता, निम्मी टेबलं रिकामी. आम्ही एका टेबलाकडे वळलो तोच गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "फॅमिली आत."

आत म्हणजे भटारखान्याला लागून एक लांबट खोली. खिडकी नाही, एसीला फडकं गुंडाळलेलं, पंखा एकच. अख्खा मसूर, भरलं वांगं, मुलांसाठी पनीरची भाजी, ज्वारीच्या भाकऱ्या आणि अक्कासाठी मऊ भात नि ताक असं सांगितलं. पन्नास मिनिटं काही आलं नाही. भाचा तीनदा दारापर्यंत जाऊन आला. मग जे आलं त्यात मसूर, वांगं आणि पनीर तिन्हींचा रस्सा एकच, लालभडक, वर बोटभर तेल. वांग्याच्या बिया दाताखाली येत होत्या. भाकरीच्या कडा वाळलेल्या. मऊ भाताऐवजी फडफडीत जिरा राईस. ताक संपलं होतं.

वाढायला एकच पोरगा, ओडिशाचा. बाहेरच्या हॉलमधून हाक आली की हातातलं टाकून पळायचा. भाचा त्याच्यावर खेकसला तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "सेठ बोलते हैं, पहले बाहर का." बाहेर बाटल्या होत्या, बिल तिकडं मोठं होणार होतं. सरळ हिशेब आहे.

आमची नात दहावीला आहे. तिनं विचारलं, "फॅमिली आत म्हणजे काय? बाहेर बसलेत ते अनाथ आहेत का?"

सगळे हसले. मीही हसले. पण तीस वर्षं शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईला असा प्रश्न विचारू नये. रात्रभर तो डोक्यात राहिला, म्हणून आज हे लिहितेय.

आपल्याकडे घराबाहेर खाणं हा भुकेचा प्रश्न कधी नव्हताच. प्रश्न असायचा तो कुणाच्या हातचं आणि कुणाच्या शेजारी बसून. १४ ऑक्टोबर १८९० ला पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि नंतर चहा-बिस्किटं फिरली. तिथं न्या. रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कुणी चहा प्यालं, कुणी नुसता कप हातात घेऊन खाली ठेवला. हा सगळा घाट घालणारे गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाईंचे यजमान, मोठे मिश्किल गृहस्थ. त्यांनी हजर असलेल्यांची यादीच 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एक कप चहा! मुलांना हा धडा शिकवताना वर्गात खसखस पिकायची, आणि मग मी त्यांना विचारायची की तुमच्या गावातल्या चहाच्या गाड्यावर कपबश्या किती तऱ्हेच्या आहेत. काही मुलं एकदम गप्प व्हायची. गावोगावी हॉटेलच्या बाहेर वळचणीला वेगळे कप टांगलेले असत. प्यायचा, आपणच विसळायचा, परत टांगायचा.

आमच्या कोल्हापुरात याच्या उलट जे घडलं ते सर्वांना ठाऊक असायला हवं. गंगाराम कांबळे छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. मराठ्यांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना फटके बसले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितलं, नोकरी सोड, स्वतःचा धंदा कर. पैसेही दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, नाव 'सत्यसुधारक'. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण गिऱ्हाईक फिरकेना. महाराजांच्या कानावर हे गेल्यावर ते आपली घोड्यांची गाडी हॉटेलसमोर थांबवून भर रस्त्यात चहा मागवू लागले, स्वतः पीत आणि गाडीतल्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजत. सहीसाठी कागद घेऊन आलेल्यांना आधी गंगारामकडचा चहा प्यायला लावत, असंही सांगतात. महाराज १९२२ मध्ये गेले, त्याआधीच्या थोड्या वर्षांतली ही गोष्ट. राजानं हुकूम काढणं वेगळं (तेही त्यांनी १९१९ मध्ये काढले) आणि रस्त्यावर कप तोंडाला लावणं वेगळं.

आता बायकांचं. गिरणगावात बिऱ्हाड गावी ठेवून आलेल्या हजारो पुरुषांना जेवू घातलं ते चाळीतल्या खोलीत खानावळ चालवणाऱ्या बायकांनी. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अशा बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे बाहेरच्या जेवणाचा स्वयंपाक बाईच करत होती. तिनं बाहेर बसून खाणं मात्र चालत नव्हतं. इराण्यांनी आणि उडप्यांनी त्यावर तोडगा काढला: फॅमिली रूम. कुठं लाकडी फळ्यांचे कप्पे, कुठं माळा, कुठं नुसता पडदा. तेव्हा ती मोठी सोय होती, हे कबूल करायला हवं. पडदा नसता तर बायका आत आल्याच नसत्या.

मी आठ वर्षांची असेन, अक्का चौदाची. वडिलांबरोबर आम्ही भावंडं अंबाबाईच्या दर्शनाला आलो होतो. दर्शन झाल्यावर वडील दोघा भावांना घेऊन हॉटेलात शिरले. त्या हॉटेलला फॅमिली रूम नव्हती. आम्ही दोघी समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. काचेतून बशीत भजी येताना दिसत होती. थोड्या वेळानं वडिलांनी कागदात बांधून आमची भजी आणली. वडील प्रेमळच होते, आमच्या वाटची दोन जास्तच असतील. पण ती मऊ पडली होती. अक्का म्हणाली, "आत बसून खाल्ली की कुरकुरीत लागत असतील."

तिचं लग्न १९६५ ला झालं. लग्नानंतर दाजी तिला हौसेनं हॉटेलात घेऊन गेले, तर हॉटेलं बंद! सोमवारची संध्याकाळ होती. युद्ध आणि धान्यटंचाई, शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळ उपास करायला सांगितलेलं, सोमवारी संध्याकाळी हॉटेलंही बंद. दुसऱ्या दिवशी गेले. फॅमिली रूममध्ये बसले. पडदा हिरवा होता, वेटर बाहेरून फळीवर टकटक करून मगच आत यायचा, डोसा गरम होता. हे सगळं अक्काला साठ वर्षांनंतरही आठवतं. डोशाचं कौतुक तर ती इतक्यांदा करते की दाजी असताना म्हणायचे, एका डोशावर माझा संसार निभावला :)

घटनेचं कलम १५ मी किती वर्गांना शिकवलं असेल! धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत कुणाला मज्जाव करता येणार नाही. 'लिंग' या शब्दापाशी मी कधी थांबले नाही. जात समजावण्यातच तास संपायचा. आणि खरं सांगायचं तर त्यात मोडण्यासारखं काही दिसतही नव्हतं. मज्जाव कुठं होता? उलट मानानं आत बसवत होते.

मग १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून परवाने आले, परवान्यांतून परमिट रूम आल्या. दारू पिणाऱ्यांना पडद्याआड बसवावं, एवढं तरी व्हायला हवं होतं. झालं असं की काही ठिकाणी ते पुढे आले आणि आम्ही भटारखान्याशेजारी गेलो. पाटीवरचा 'फॅमिली' शब्द तसाच राहिला. पूर्वी त्या शब्दामागं टकटक करून येणारा वेटर होता, आता हाक मारली तरी न येणारा. त्या पोराला दोष देत नाही. दोन खोल्यांना एक माणूस ठेवला तर तो काय करील?

बिल आलं त्यात सर्व्हिस चार्ज लावलेला. आता मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपणहून बिलात घालता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. मी गल्ल्यावर जाऊन हे सांगितलं. त्या माणसानं माझ्याकडं न बघता पेनानं ती ओळ खोडली. भाच्यानं तेवढे पैसे त्या पोराच्या हातात दिले. पोरगा नळापाशी उभ्यानंच जेवत होता. ताटात भात आणि आमचाच लाल रस्सा.

या सगळ्यात अक्का एका शब्दानं बोलली नव्हती. वाळलेली भाकरी रश्शात कुस्करून अर्धी खाल्ली, "छान झालं" म्हणाली. घरी आल्यावर साडेदहाला मी मऊ भात टाकला, मेतकूट-तूप घातलं. इरकल न बदलता ती स्वयंपाकघरातच पाटावर बसली आणि दोनदा भात घेतला.

"हॉटेलचं नाव काढायचं नाही आता," मी म्हटलं. "पुढचा वाढदिवस घरीच."

"घरी कशाला?" अक्का म्हणाली. "हॉटेलातच जायचं. दुसरं बघा. फक्त मला बाहेर बसवा, दाराजवळ. रस्ता दिसला पाहिजे."