घर निपाणीत, कॉलेज महाराष्ट्रात

१९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. १९६० साली देवचंद कॉलेज निघालं ते गावाला लागूनच, अर्जुननगरला. पण ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात! १९६२ ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झालं आणि त्याची पदवी आमच्या दारात आली. घरची भाकरी खाऊन आम्ही पायी राज्य ओलांडायचो. तंबाखूच्या व्यापाऱ्याचा मुलगा आणि विड्या वळणाऱ्या बाईचा मुलगा एकाच बाकावर बसत. खोलीभाडं, खानावळ परवडणारी घरं थोडीच होती. कॉलेज लांब असतं तर कित्येकांचं बी.कॉम. राहूनच गेलं असतं. विद्यापीठाची गुणवत्ता यादी पेपरात यायची. घराण्यातल्या पहिल्या पदवीधरांची यादी मात्र कुणी केली नाही. तुमच्या घरातला पहिला पदवीधर कोण? जरूर लिहा.