दोन अक्षरांचें क्रियापद आणि टेंभूचे आगरकर

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. संगमाच्या वर नद्यांचीं नांवें दोन. संगमाखालीं नांव एकच उरतें, तें कृष्णेचें. कोयनेचें पाणी कोठें जात नाहीं, जातें तें फक्त नांव. भाषांच्या इतिहासांतही असे संगम असतात. त्यांतील एका संगमाशीं या परिसरांत जन्मलेल्या एका पुरुषाची गांठ पडली होती. कराडजवळच्या टेंभू गांवीं १४ जुलै १८५६ रोजीं गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. गरिबीमुळें त्यांना कराडच्या कचेरींत उमेदवारीही करावी लागली. सुधारक म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. येथें विचार करावयाचा आहे तो भाषांतरकार आगरकरांपुढें उभ्या राहिलेल्या एका लहानशा क्रियापदाचा.

‘बी’ हें इंग्रजी क्रियापद अवघ्या दोन अक्षरांचें. पहिल्याच धड्यांत ‘असणें’ असा त्याचा अर्थ सांगून मास्तर पुढें जातात. परंतु तें एका धातूपासून झालेलें नाहीं. ‘अ‍ॅम’ आणि ‘इज’ हीं रूपें संस्कृत ‘अस्’ धातूच्या कुळांतील, ‘बी’ हें ‘भू’चें भावंड, आणि ‘वॉज’ व ‘वेअर’ हीं ‘वस्’ म्हणजे राहणें, या धातूच्या गोत्रांतील. हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत ‘अस्’च्या आणि ‘भू’च्या कुळांतील रूपें निरनिराळीं चालत असत. पुढें तीन प्रवाह एकत्र झाले आणि एकाच नांवानें वाहूं लागले.

मराठीनें याच तीन धातूंना निराळीं घरें दिलीं. ‘अस्’पासून असणें आलें, ‘भू’पासून प्राकृताच्या वाटेनें होणें आलें, आणि ‘वस्’ आपल्या वसणें व वस्ती या शब्दांत राहिला. कराड संगमावर वसलें आहे, असें आपण आजही म्हणतों. ही वांटणी अगदीं काटेकोर आहे असेंही नाहीं. ‘होता’ हें रूप ‘भू’च्या घरचें, पण तें ‘आहे’चा भूतकाळ म्हणून नांदतें. तरीही भेद जेथें हवा तेथें मराठी तो सोडीत नाहीं. आज कृष्णेला पूर आहे. पावसाळ्यांत तिला पूर असतो. इंग्रजी दोन्ही ठिकाणीं ‘इज’वरच भागवूं शकते. निषेधांत तर मराठीची बारकाई विशेष दिसते. ‘येथें साप नाहीं’ म्हटलें म्हणजे सापाचें अस्तित्व नाकारलें. ‘हा साप नव्हे, दोरी आहे’ म्हटलें म्हणजे ओळख नाकारली. इंग्रजींत दोहोंनाही एकच ‘इज नॉट’ पुरतें. उलट, ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्यांत आपलें ‘आहे’ जें काम करतें, त्यासाठीं इंग्रजीला ‘हॅव’ हें दुसरें क्रियापद लागतें.

मेजर थॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. कोशकाराला एका शब्दापुढें अनेक प्रतिशब्द मांडून मोकळें होतां येतें. भाषांतरकाराला ती मुभा नसते. त्याला एक शब्द निवडावा लागतो, आणि निवडलेल्या शब्दानें वाक्याचा अर्थ बांधला जातो.

कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यांत १८८२ सालीं आगरकर व टिळक यांना शिक्षा झाली, आणि दोघांनीं मुंबईच्या डोंगरी तुरुंगांत १०१ दिवस काढले. पुढच्याच वर्षीं आगरकरांनीं केलेलें शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चें रूपांतर ‘विकारविलसित’ या नांवानें प्रसिद्ध झालें. या नाटकांतील सर्वांत प्रसिद्ध स्वगत ‘टु बी’ या दोन शब्दांनीं सुरू होतें. राजपुत्र येथें नेमकें काय विचारतो? जगण्याविषयीं विचारतो, म्हणावें, तर वाक्य मराठी कानाला लगेच पटतें. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ या १९७० सालच्या नाटकांतील स्वगतही जगण्यामरण्याच्या क्रियापदांवरच उभें आहे. परंतु यांत कांहीं तरी निसटतें. राजपुत्रानें मेलेल्या बापाचें पिशाच डोळ्यांनीं पाहिलें आहे. तो बाप जगत नाहीं, तरी तो आहे. मरणानें जगणें संपतें. असणें संपतें कीं नाहीं, हीच तर राजपुत्राची धास्ती आहे. ‘जगणें’ हा शब्द घेतला कीं ही धास्ती पहिल्या ओळींतून मागें सरते.

मग ‘असणें’च घ्यावें काय? मराठीजवळ ‘नसणें’ हें स्वतंत्र नकारार्थी क्रियापदही तयार आहे. इंग्रजीला त्यासाठीं ‘नॉट’ जोडावें लागतें. पण रंगभूमीवर नटानें ‘असावें कीं नसावें’ म्हटलें, तर प्रेक्षकाला घरांतील एखाद्या वस्तूची चर्चा चालली आहे असा भास व्हावयाचा. म्हणजे एक शब्द अर्थानें जवळचा, तर दुसरा कानाला जवळचा. याला मराठीचें दारिद्र्य म्हणण्याची चाल पुष्कळ दिवस होती. वस्तुतः जो प्रश्न इंग्रजी वाचक न सोडवतां पुढें जाऊं शकतो, तो मराठी भाषांतरकाराला सोडवूनच लेखणी उचलावी लागते. भाषांतर हें येथें टीकेचेंच काम होतें. आगरकरांनीं पुढें १८८८ सालीं ‘वाक्यमीमांसा’ लिहून मराठी वाक्याच्या रचनेचा शास्त्रीय विचार केला, यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

‘विकारविलसित’ रंगभूमीवरही गाजलें. सातारा म्हणजेच शाहूनगर. त्याचें नांव धारण करणाऱ्या शाहूनगरवासी नाटक मंडळींत गणपतराव जोशी यांनीं त्यांतील राजपुत्राची भूमिका केली.

स्वतः आगरकरांच्या वांट्याला या क्रियापदाचा विलक्षण अनुभव आला. पुण्यांतील विरोधकांनीं ते हयात असतांनाच त्यांची प्रेतयात्रा काढली. तो दिवस सरल्यावरही ते लिहीत होते आणि शिकवीत होते. १८९२ सालीं ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि १७ जून १८९५ रोजीं, चाळिशीही न गांठतां, दम्याच्या विकारानें जग सोडून गेले. मरणोत्तर गतीच्या कल्पनांवर त्यांचा भरंवसा नव्हता. ‘आगरकर होते’ असें आपण म्हणतों, तेव्हां ‘होणें’ या धातूचें रूप वापरतों. ‘आगरकरांचें लेखन आहे’ म्हणतांना निराळें क्रियापद वापरतों. हा फरक मराठी बोलणाऱ्याला कोणी शिकवावा लागत नाहीं.